राहीबाईचं अनवट

राहीबाई आमच्याबरोबर चौथीच्या परीक्षेला बसली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि आम्ही सगळ्या दहा-अकराच्या. सेहेचाळीस साल. पारनेरजवळचं आमचं गाव, शाळेची एकच खोली. ती मागच्या तरटावर बसायची, पाय लुगड्यात दडवून, कारण ते आमच्या पायांच्या दुप्पट होते.

नवरा पटकीच्या साथीत गेलेला. मग थोरली जाऊ बाळंतपणात गेली. गावात शिकलेली सुईण नव्हती. नगरच्या एका दवाखान्यात सुईणीचं काम शिकवतात, पण चौथी पास लागते, असं विष्णुपंत मास्तर एकदा म्हणाले आणि ते हिच्या डोक्यात बसलं. सासू लंकाबाई जाता-येता टोचायची, "दुधाचे दात पडायचे ऱ्हायलेत का गं तुझे?" पण परीक्षेच्या दिवशी भाकरी तिनंच बांधून दिली. मागल्या वर्षी राहीबाई नापास झालेली. यंदाही झाली तर शाळा बंद, असं सासऱ्यानं बजावलं होतं.

पेपर झाले. शाळा तपासायला येणारे दिपोटी साहेब तिथंच बसून ते तपासत होते. मराठीत शब्द दिले होते, वाक्यात उपयोग करा. त्यातला एक 'अनवट'. मी तो सोडूनच दिला. मला वाटलं, काहीतरी खायचं असेल.

तोंडी परीक्षेला साहेबांनी राहीबाईला पुढं बोलावलं आणि तिचं वाक्य मोठ्यानं वाचलं: 'मालक गेले त्या दिवशी मी माझे अनवट काढून डब्यात ठेवले.'

अणवट म्हणजे पायाच्या अंगठ्यातलं चांदीचं वेढं. पण 'ण' आमच्याकडं कुणाच्या तोंडात टिकत नाही. 'पाणी म्हणा, पानी नव्हे' करता करता मास्तरांचा घसा बसला होता. साहेब म्हणाले, वाक्य चांगलं आहे, पण हा शब्द तो नव्हे, आणि तुम्ही एका गुणानं अडता आहात. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"मग ह्या अनवटचा अर्थ काय, साहेब?" राहीबाईनं विचारलं.

साहेबांनी सांगितलं, ज्या वाटेनं फारसं कुणी जात नाही ती वाट अनवट, फारसं कुणी करत नाही ते काम अनवट. मग चष्मा पुसत म्हणाले, तोंडी परीक्षा आहेच, सांगा एक वाक्य.

तिनं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं.

"अंगठ्यातलं काढल्यावर बाईनं पोरींत बसून शिकनं, हे आमच्या गावात अनवट हाय."

साहेबांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि शेजारी गुण मांडला. 'शिकनं'कडं त्यांनी कानाडोळा केला. मास्तरांनीही.

जूनमध्ये ती सर्व्हिस मोटारीनं नगरला निघाली. लंकाबाई मोटारीपर्यंत आली, भाकरीचं फडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "दिवाळीला परत ये. धाकट्या राघूची बायको मोकळी व्हायचीय."

राहीबाई म्हणाली, "आत्याबाई, दिवाळीपातूर व्हायचं न्हाई शिकून."

लंकाबाईनं फडक्याची गाठ घट्ट केली. "मग तिच्या दुसऱ्याला ये."

राघूच्या दुसऱ्याला ती आली. माझ्या चौघांनाही आली.