बोळक्या तोंडात दोन नळ्या

बाबांचे सगळे दात मीच काढले. महाडला माझा दातांचा दवाखाना आहे. 'दात पाडून हातात देईन' असं लोक भांडणात म्हणतात. मी ते स्वतःच्या बापाच्या बाबतीत खरोखर केलं, कागदाच्या पुडीत बांधून. हिरड्या पार खराब झाल्या होत्या, एकेक दात हलत होता, दुसरा इलाज नव्हता. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ते पोलादपूरकडच्या आमच्या गावाहून एसटीने यायचे, खुर्चीत बसायचे आणि आ करायचे. मी सुई टोचायचे, ओठ जड झाला का विचारायचे आणि कामाला लागायचे. खुर्चीत दोघांनाही बोलावं लागत नसे, ते फार सोयीचं होतं.

आई वैशाखात गेली. दुपारी पडवीत आडवी झाली ती उठलीच नाही. मला तेव्हा काहीच वाटलं नाही आणि पुढेही वाटेना. बायका भेटायला येऊन डोळे पुसायच्या, मी आत जाऊन चहा टाकायचे. तेरावं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला आणि एका बाईचं रूट कॅनाल केलं. चांगलं झालं. नवरा म्हणाला, एकदा रडून घे. मी म्हटलं, रडणं काय नळाची तोटी आहे, सोडली की येईल? त्याने परत विषय काढला नाही.

बाबा मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. जहाजांच्या पोटाखाली जाऊन काम करण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन गावी आले ते पाण्याखाली श्वास घ्यायचं एक जुनं यंत्र बरोबर घेऊन. पाठीवरच्या सिलिंडरला एक गोल पितळी पेटी, तिच्यातून वळ्यावळ्यांच्या दोन जाड रबरी नळ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे येतात आणि तोंडाशी एकत्र मिळतात. एका नळीतून हवा येते, दुसरीतून सोडलेला श्वास मागे जातो आणि बुडबुडे मानेमागून सुटतात. असलं यंत्र आता कोणी वापरत नाही. नवीन, एकाच नळीचं घ्या, असं मी एकदा सुचवलं तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"त्याचे बुडबुडे तोंडाम्होरं येतात," ते म्हणाले. "हात काय करतो ते दिसत नाय. मला नको ती फॅशन."

गावाखाली सावित्रीच्या एका डोहातून गावाला नळाचं पाणी चढतं. पावसाळ्यात डोहातल्या पाइपाच्या तोंडावरची जाळी गाळाने आणि पाल्याने बुजते. दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळलं की बाबा खाली उतरून ती मोकळी करतात. डोह जेमतेम दोन पुरुष खोल, गोदीतल्या माणसाला ते काहीच नाही. पण हे काम आहे म्हणून लोक त्यांना विचारतात, वाटेत थांबवतात. दात गेले आणि हे संपलं असं मी धरून चालले. कारण ते यंत्र तोंडात राहतं ते दातांच्या जोरावर. आतल्या बाजूला रबराच्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या चावून धराव्या लागतात. कवळी घालून खाली जाऊ देणं शक्यच नव्हतं. सुटली तर घशात जायची.

"मग महाडला चला राहायला," मी म्हटलं.

बाबांनी बोळकं चघळलं. मग म्हणाले, "तोंडाचं कायतरी करून दे. या टायमाला जमलं नाय तर गप तुझ्याकडं येतो. जमलं तर मला हितनं हलवायचा विषय बंद."

मी कबूल झाले. मला ते महाडला हवे होते हे खरंच आहे. एकटा म्हातारा माणूस, उताराच्या पायऱ्या, रात्रीबेरात्री साप-किरडू. ते डोळ्यांसमोर असले की मला काळजी करावी लागली नसती, आणि काळजी करायचं त्राण माझ्यात नव्हतं. तरी जमू नये म्हणून हात राखून काम करणं माझ्या स्वभावात नाही. एकदा हातात घेतलं की घेतलं.

कवळीसाठी घेतात तसा मी त्यांच्या हिरड्यांचा ठसा घेतला. त्यावर मऊ सिलिकॉनची एक गादी ओतली, वर-खाली हिरडीवर नीट बसणारी, मधे नळीसाठी भोक. खुर्चीत ती अशी चपखल बसली की मी स्वतःवरच खूश झाले. नदी अजून गढूळ होती म्हणून आम्ही महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. तिथे लोक खरूज-नायटा आणि गुडघे घेऊन येतात. त्यांच्यात बाबा पाठीला सिलिंडर बांधून गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि हळूच बुडाले. शेजारी पाय सोडून बसलेली एक म्हातारी बुडबुड्यांकडे बघत राहिली.

"बाबाला काय झालाय गो?" तिने मला विचारलं.

"दात नाहीत," मी म्हटलं.

तिने समजूतदारपणे मान हलवली. कुंडाचा गुण तिला ठाऊक असावा.

बाबा वर आले तेव्हा वरच्या ओठाच्या आत लालभडक वळ होता. नळ्यांत हवा भरलेली, त्यामुळे त्या पाण्यात वर तरंगायला बघतात आणि तोंडातला तुकडा बरोबर ओढतात. मान डावीकडे वळवली की उजवी नळी ताणते. दात असताना माणूस हे सगळं चावून सहन करतो आणि संध्याकाळी जबडा दुखला की विसरून जातो. हिरडीला ते जमत नाही. मी नुसतं तोंड पाहिलं होतं. ओढ सगळी बाहेरून येत होती.

मग आम्ही यंत्राच्याच मागे लागलो. जुन्या नळ्या ताठ झाल्या होत्या, त्या काढून मऊ आणि थोड्या लांब घातल्या. नळ्यांच्या बाकाशी, खालच्या अंगाला, मासे धरायच्या जाळ्याला असतं तसं शिसं बांधलं, म्हणजे त्या तरंगेनात. तोंडाच्या तुकड्याला रुंद पट्टा लावून तो डोक्यामागून घेतला, त्यामुळे भार मानेवर गेला. पितळी पेटी पाठीवर खाली सरकवायची कल्पना बाबांची. ती मानेशी उंच असली की श्वास ओढून घ्यावा लागतो. खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे, फुप्फुसांच्या जवळ आली की हवा आपण होऊन येते. हे सगळं झालं तरी रोज संध्याकाळी फोन यायचा.

"डावीकडं लागतंय."

मी गादीची कड घासून द्यायचे. दोन दिवसांनी परत फोन. आता उजवीकडं. ओठाच्या आतल्या शिरेला जागा करून दिली, कड गोल केली, परत ओतली, परत घासली. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांना कुठे दुखतंय एवढंच विचारत होतो, आणि उत्तर कायम हिरडीचं असायचं. तिचं नाव दोघांनीही काढलं नाही. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. अन्नाला चव नव्हती, पण मी जेवत होते.

दिवाळी झाली, पाणी निवळलं. पंपवाल्याने पंप बंद केला आणि तो वर खोलीपाशी विडी ओढत बसला. डोहाच्या काठाशी आम्ही दोघंच. बाबांनी कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. हा दोर कायम आई धरायची. काठावरच्या सपाट दगडावर बसून, एक पाय दोरावर ठेवून. खालून बाबा मधून मधून एक हिसका देणार, म्हणजे ठीक आहे. वरून एक हिसका द्यायचा, म्हणजे कळलं. वरून उत्तर आलं नाही तर त्यांनी काम टाकून वर यायचं. मला कोणी शिकवलं नव्हतं. मी लहानपणापासून बघत आले होते. गोदीत नोकरीला होते तेव्हाही ते सुट्टीत यंत्र घेऊन यायचे, डोहात उतरायचे आणि हेच चालायचं.

मी त्याच दगडावर बसले, कारण बसायला तेवढीच जागा आहे.

बाबांनी गादी तोंडात बसवली, पट्टा मागे ओढला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि खाली गेले. बुडबुडे शांतपणे वर येत राहिले. थोड्या वेळाने दोराला हिसका बसला. मी एक हिसका दिला आणि पाठोपाठ दुसरा.

दुसरा मी दिला नाही, हाताने दिला. ती आईची खोड होती. ती नेहमी दोनदा ओढायची. बाबा वर येऊन चिडायचे, की दोनदाचा काही अर्थच नाही, गोदीत असं केलं तर माणूस घोटाळ्यात पडेल. आई म्हणायची, पहिला तुमच्या कामाचा, दुसरा माझा. इतकी वर्षं बघून बघून तो दुसरा हिसका माझ्या हाताला लागलेला होता आणि मला पत्ता नव्हता.

खाली दोर एकदम स्वस्थ झाला. बुडबुडेही क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मग खालून दोन हिसके आले, ओळीने. बाबांनी आईला कधीही दोन हिसक्यांनी उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि मी मूर्खासारखी पुन्हा दोनदा ओढून बसले.

ते वर आले ते हसतच. मास्क कपाळावर सारला, तोंडातला तुकडा काढला आणि ते उघडं बोळकं दगडाच्या दिशेने काहीतरी बोलायला लागलं. मग त्यांनी मला पाहिलं. हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं.

"तू हायस होय," ते म्हणाले.

मी त्यांना हात देऊन काठावर घेतलं. सिलिंडर उतरवला. जाळी झाली का मोकळी, म्हणून विचारलं. झाली म्हणाले. तोंडात लागलं का, म्हणून विचारलं.

"काय बी लागलं नाय. कुठंच नाय." ते डोहाकडे बघत होते. "ह्या साली पयल्यांदाच कुठं दुखत नव्हतं गो. म्हणून इसरलो."

"काय विसरलात?"

"ती नाय म्हणून."

मला राग आला. आधी त्यांचा, मग माझ्या हाताचा, मग त्या मऊ गादीचा, जी मी इतकी घासून घासून गुळगुळीत केली होती. दुखत राहिलं असतं तर बरं झालं असतं. आणि मग मी रडायला लागले, आईसाठी पहिल्यांदा, पंपवाला वरून बघत असताना, अगदी मोठ्याने. बाबांनी ओला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि ठेवूनच दिला.

बऱ्याच वेळाने मी नाक पुसून म्हटलं, "ठरल्याप्रमाणे महाडचा विषय बंद. पुढच्या वर्षी दोर मीच धरीन. पण नीट धरीन, एकदाच ओढीन."

"नको," बाबा म्हणाले. "दोनदाच वढ."