पाठ राखणारी धुरपताबाई

मोहाच्या दिवसांत धुरपताबाई रोज सकाळी माझ्या दुकानात यायची आणि दुसऱ्या बायांच्या पाठीमागचं रान बघत बसायची. एवढं सांगून कोणाला काही कळणार नाही, म्हणून नीट सांगतो.

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखालच्या पट्ट्यात. शेवटचं घर संपलं की रान सुरू. चैत्रात मोहाची फुलं पहाटेपासून गळू लागतात आणि ऊन तापेपर्यंत गळतच राहतात. बाया टोपल्या घेऊन उजाडता उजाडता आपापल्या झाडाखाली जातात. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे सासूच्या सासूपासून ठरलेलं. फूल वेचायचं म्हणजे वाकावं लागतं, आणि वाकलेली बाई रानाला बाई दिसत नाही, चरणारं जनावर दिसते. मोह अस्वलालाही आवडतो. अलीकडे तर वाघाचाही फेरा असतो. धुरपताबाई त्याचं नाव घेत नसे, नुसतं ‘तो’ म्हणे.

तिला धरलं होतं अस्वलानं. तिच्याच झाडाखाली, मागून. तेव्हापासून तिचा डावा पाय ओढत चाले आणि डाव्या कानाजवळची खूण झाकणारा डोक्यावरचा पदर कधी सरकला नाही. त्या दिवसानंतर तिनं रानात पाऊल टाकलं नाही. मुलगा तुमसरला राईस मिलमध्ये. झाड सुनेकडे, संगीताकडे आलं. आणि संगीता पहिल्या दिवशी टोपली घेऊन निघाली, तेव्हा ही म्हातारी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती, असं शेजारचे सांगत.

पुढच्याच आठवड्यात ती माझ्या मोबाइलच्या दुकानात आली. संगीताचा मोबाइल हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, “किसना, याचा डोरा मांगल्या बाजूनं पायते का?”

कॅमेऱ्याचा डोळा ना, पाहतो म्हटलं. तिनं धानाच्या जुन्या पोत्याची पिशवी शिवली, तिला भोक पाडलं, आणि तो मोबाइल संगीताच्या पाठीवर असा बांधला की संगीता वाकली तरी कॅमेरा मागे बघत राहील. बघता बघता आणखी चार बायांनी तशाच पिशव्या शिवून घेतल्या. सकाळी निघताना पाची जणी व्हिडिओ कॉल लावत आणि घरी परत येईपर्यंत चालू ठेवत. माझ्या दुकानात मोठ्या पडद्याचा टॅब होता, त्यावर पाची पाठींमागचं रान दिसे. त्याच्यासमोर बाकावर धुरपताबाई. पाय लांब केलेला, काठी मांडीवर, डोळे पडद्यात. झुडूप हललं की ही सांगे, “संगीता, उबी राय.” संगीता ताठ उभी राही. बहुतेक वेळा गाय निघे, नाहीतर माकड. तरी ती कोणालाच हसू देत नसे. “भेव रायला पायजे,” म्हणे. “भेव सरला का माणूस सरला.”

एकदा खरंच अस्वल निघालं. पडद्याच्या कोपऱ्यात काळं काहीतरी गोळा झालं आणि त्या पाचींतल्या सोनकीच्या पाठीकडे येऊ लागलं. मी तिथंच होतो. मी नुसता ओरडत सुटलो. धुरपताबाईनं मात्र आवाज न चढवता एकेकीचं नाव घेतलं, कोणी कुठून निघायचं ते सांगितलं, टोपल्या तिथंच टाकायला लावल्या. सगळ्या गावात पोचल्यावर तिनं पाणी मागितलं आणि सबंध तांब्या संपवला.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मी बापाच्या पैशावर उभा राहिलेला माणूस नाही. करडीपासून तुमसरपर्यंतच्या आठवडी बाजारांत सायकलवर रिचार्जची कुपनं विकली, तेव्हा हे दुकान झालं. मोसमात मोहही घेतो. भाव पाडायला मी कोणाला लाजत नाही आणि माझा भाव कोणी पाडायला लागला तर माझं डोकं फिरतं, हे तालुक्याला माहीत आहे. धुरपताबाईशी माझी दर मोसमात खडाजंगी होई. ती मोहाची मूठ नाकाशी नेऊन म्हणे, “हुंग. हा वास का तुझ्या बापानं पायला होता?” मी चिडे, ती बसून राही. शेवटी भाव तिच्याकडेच सरके.

पण बोलेन तो शब्द पाळीन, ही माझी दुकानदारी. कंपनीचा माणूस टाय लावून माझ्या दुकानात आला होता. त्यानं फलक लावून दिला, ‘अमर्याद’ असं हातभर अक्षरात. मी त्याला सरळ विचारलं होतं की उद्या हात वर कराल का? तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, शब्द आहे कंपनीचा. त्या शब्दावर मी आपला शब्द चढवला आणि निम्म्या गावाची सिमं त्या कंपनीत बदलून दिली. त्या पाची बायांचीही.

मग एका वर्षी मोह लागायच्या तोंडावर सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. अमर्याद प्लॅन बंद. यापुढे रोजचा ठरलेला डेटा, तो संपला की स्पीड कमी.

दुकानासमोर गर्दी झाली. जो तो आपापली भीती घेऊन आलेला. पोलीस भरतीचे व्हिडिओ बघून तयारी करणारी एक पोरगी तर रडायलाच लागली. एक म्हातारा विचारत होता की नागपूरच्या नातवाचं तोंड आता अर्धंच दिसणार का? कोणी मला चोर म्हणालं, कोणी दलाल. मीही दोघातिघांच्या अंगावर गेलो. धुरपताबाई गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून होती. मग तिनं एकच विचारलं.

“किसना, ते सांगून बंद होईल का मधातच बंद होईल?”

हेच विचारायला मी दुसऱ्या दिवशी तुमसरला डिस्ट्रिब्युटरकडे गेलो. तो म्हणाला, अर्धा डेटा संपला की मेसेज येतो, पूर्ण संपला की पुन्हा येतो, काळजी कशाची? मी म्हटलं, मोबाइल बाईच्या पाठीवर आहे, मेसेज काय अस्वल वाचणार? तो हसला. मी टेबलावर हात आपटला. मग त्यानं मला कस्टमर केअरचा नंबर लावून दिला. त्यातली बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा सांगत राहिली. आयुष्यभर मी तोंडाला तोंड देऊन भाव केले. व्यापारी, आडते, दारूवाले, कोणाला सोडलं नाही. पण ज्याला तोंडच नाही, त्याच्याशी भाव कसा करायचा? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. माल घेतलेल्या गिऱ्हाइकाला रानात नेऊन सोडायचं आणि मग अटी बदलायच्या, याला आमच्याकडे व्यापार म्हणत नाहीत.

जास्तीचा डेटा वरून विकत घेता येत होता. बायांनी काही दिवस घेतला. पण तोही पुरेना, सकाळ अर्ध्यावर आली की एकेकीचा खुंटे. तसं झालं की धुरपताबाई उरलेल्या बायांना सांगून तिला परत बोलवून घेई. रोज तिचा जीव त्या पडद्यात अडकलेला. पूर्वी ती झुडपांकडे बघत असे. आता झुडपांकडे बघू की चित्र चालू आहे का ते बघू, असं तिला झालं. घटकेघटकेला मला विचारी, “जिवंत हाय ना हे?” मी वैतागून म्हणे, आहे काकी. आणि मग माझीही नजर तिकडेच जाऊन बसे.

त्या सकाळी मी मोहाची पोती मोजत होतो. ती म्हणाली, “आज रान बेस शांत हाय. संगीताच्या मांगं पान हालून नाई राह्यलं.” मी हूं म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, शांत हाय. मी आणखी चार पोती मोजली. मी मान वर करून पाहिलं, तर ती टॅबला नाक लावून बसलेली.

“किसना,” ती म्हणाली, “फूल पडून नाई राह्यलं.”

मला कळलं नाही. तिनं बोट ठेवलं. संगीताच्या मागे मोहाची फांदी दिसत होती, खाली पाचोळा जाळून साफ केलेली जमीन. उजाडल्यापासून मोह टपटप गळत असतो, क्षणभर थांबत नाही. बाकीच्यांच्या चौकोनांत फुलं पडत होती. संगीताच्या चौकोनात एकही फूल पडत नव्हतं. ते चित्र होतं, रान नव्हतं. डेटा संपून ते जागच्या जागी गोठलं होतं, आणि कधीपासून, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. जाळलेल्या जमिनीच्या कडेला वाळक्या गवतात काही पिवळट होतं. ते गवतच होतं की दुसरं काही, हे मी डोळे फोडून पाहिलं तरी कळेना. हललं असतं तर कळलं असतं.

मी संगीताला फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या बायांना विचारलं, तर त्यांची झाडं लांब, कोणाला ती दिसत नव्हती. मी मोटारसायकल काढली. धुरपताबाई मागे बसली. नको म्हटलं, तर तिनं काठी काखेत मारली. इतक्या वर्षांनी ती रानात निघाली होती. वाटभर तिची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली आणि कानाशी तिचा श्वास. ती देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. ती नुसतं “उबी राय, उबी राय” म्हणत होती.

संगीता झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. टोपली जवळजवळ भरलेली. आम्हाला पाहून ती घाबरली, घरी काही झालं का म्हणून. कडेला पिवळं जे होतं, ते पळसाचं वाळलेलं पान होतं, मोठं, कडेनं मुडपलेलं. मी हसायला लागलो, म्हणजे हसू आवरेना. धुरपताबाई हसली नाही. ती त्या पानाकडे बघत उभी राहिली, मग सुनेच्या पाठीवरची पिशवी सोडवली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

“डोरा फुटला त समजते का फुटला,” ती म्हणाली. “हा त उघडाच रायते. मी येच्यावर भरवसा ठेवून बसलो होतो, किसना. शांत हाय म्हणून सांगून राह्यलो होतो.”

दुसऱ्या दिवशीपासून पाचींच्या पाठीवरचे मोबाइल गेले. धुरपताबाईनं नवा नेम घातला. दोघींनी एका झाडाखाली जायचं. एकीनं वेचायचं, दुसरीनं तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि रानाकडे बघायचं. मग अदलाबदल. मोह निम्म्यावर आला. ऊन चढेपर्यंत निम्मी फुलं मातीत सुकून जात, हरणं खात. माझ्या गोदामात पोती निम्मी आली आणि कंपनीचा माणूस नव्या प्लॅनचा फलक घेऊन आला. मी त्याला फलकासकट हाकलला. तेवढं समाधान.

बाया पाच, म्हणजे दोन जोड्या झाल्या आणि संगीता एकटी उरली. तिच्या जोडीला धुरपताबाई जाऊ लागली. ज्या झाडाखाली तिला अस्वलानं धरलं होतं, त्याच झाडाच्या बुंध्याला टेकून, सुनेकडे पाठ करून ती रोज बसे. काठी दोन्ही हातांत आडवी धरी, संगीता सांगते, क्षणभरही खाली ठेवत नसे. भीती गेली म्हणून ती गेली नव्हती. ती भीतीसकट गेली होती.

आणि ती सारखी बोलत राही. तोही नेमच होता. वेचणारीला मागे वळून न पाहता कळलं पाहिजे की राखणारी जागी आहे. “मी बोलतो तोवर तू वाकून राय,” असं तिनं सुनेला बजावलं होतं. “मी गप झालो का तू पाय.” मग तिची गाडी सुरू होई. लग्नात सासऱ्यानं काय खोड काढली, नवरा मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक बघायला गेला तो दोन गावं फिरून कसा आला, किसना मोह तोलताना काट्यावर बोट कसं ठेवतो. हे शेवटचं खोटं आहे, पण तिनं सांगितलं. सासू-सून एका घरात राहून एकमेकींशी एवढं कधी बोलल्या नव्हत्या. संगीताला ती हसवी, आणि ती हसली की खेकसे, “फुलं वेच.”

मोसम संपायला आला होता. झाडावर पालवी फुटू लागली होती, फुलं विरळ पडत होती. त्या सकाळी धुरपताबाई आपल्या माहेरची, दिघोरीची काहीतरी गोष्ट सांगत होती. लहानपणी तलावावर बहिणीबरोबर गेलेली, बहीण पुढे, ही मागे. सांगता सांगता ती थांबली.

संगीतानं मला हे सांगितलं ते सासूचं दिवसकार्य झाल्यावर, माझ्याच दुकानाच्या त्या बाकावर बसून.

“मी पायलोच नाई, भाऊ,” ती म्हणाली. “गप झाली का पाय, म्हणून सांगतलं होतं. पण मान मांगं वरत नव्हती. मले वाटलं, तो आला. तो आला अन् आत्याबाईले दिसला, म्हणून आवाज बसला. मी तसाच वाकून रायलो. हातात फुलं होते. आत्याबाई म्हटलं, हरू हरू. मंग पुन्हा म्हटलं. मंग वरलो.”

मागे काहीच नव्हतं. सगळी बाजू मोकळी, उन्हात स्वच्छ दिसत होती. धुरपताबाई बुंध्याला टेकून बसली होती, काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली, डोळे रानाकडे उघडे. संगीता जाऊन तिच्या समोर उभी राहिली, तरी ते डोळे तिच्या पलीकडेच बघत होते. आणि पदरावर, मांडीवर, काठीवर फुलं पडत होती.