शैलाताईंनी इराचं नाव घेतलं नाही

मोहनरावांचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ते भर दुपारी कधी फोन करत नाहीत. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. "अश्विनी, शैला गेली. अनिलला तूच सांग... मला नाही जमणार," एवढंच म्हणाले. शैलाताई माझ्या नणंद, अनिलची थोरली बहीण. आजारी होत्या, आम्हाला माहीत होतं. तरी अनिलचा नंबर काढून मी फोन दोनदा पुन्हा बंद केला. जवळजवळ वर्षभर हा माणूस आपल्या बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता, आणि बोलायला लागून फार दिवस झाले नव्हते.

शैलाताई पुण्यात असताना विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळायच्या. लग्नानंतर मोहनरावांच्या जहाजाच्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या आणि हौगांगच्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्या. दिवसा एका शिपिंग कंपनीत काम आणि संध्याकाळी मुलींना कोचिंग. इथल्या हौशी महिला लीगमधला आंग मो किओचा संघ त्यांच्याकडे होता. नवीन मुली पारखाव्यात तर त्यांनीच, असं बाकीचे कोचही मानायचे. मुलगी किती बास्केट टाकते हे त्या फारसं बघतच नसत. पास चुकल्यावर ती काय करते, चेंडू दुसरीकडे असताना कुठे धावते, यावर त्यांचं लक्ष. मला एकदा म्हणाल्या होत्या, "चांगली खेळाडू वेगळी आणि आपल्याला हवी ती वेगळी. दोन्ही एकच समजलं की संघही बिघडतो आणि पोरगीही."

आमची इरा त्यांच्याच हाताखाली शिकली. आत्या म्हणजे तिचं दैवत. मागच्या वर्षी ती लीगच्या ड्राफ्टमध्ये उतरली. ड्राफ्ट म्हणजे सगळे संघ आळीपाळीने नव्या मुलींची नावं घेतात आणि तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली असते. त्या वर्षी तळाला आंग मो किओ होता. म्हणजे पहिलं नाव शैलाताईंनी घ्यायचं. आमच्या घरी तर विषय संपलाच होता. अनिलने ऑफिसात सांगूनही टाकलं होतं.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शैलाताई उठल्या, माइक हातात घेतला आणि शू हुई नावाच्या मुलीचं नाव वाचलं. इराने टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. अनिल माझ्याकडे वळून बघत राहिला. पुढची पाळी चोआ चू कांगच्या संघाची. त्यांच्याकडे उंच मुली होत्या, पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारी कुणी नव्हती. ते इराला उचलतील हा शैलाताईंचा हिशेब, हे मला नंतर कळलं. त्यांच्या कोचने आणखी एक उंच मुलगीच घेतली. शैलाताईंचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली. एकेक संघ नाव घेत गेला, इराचं नाव कुणीच घेईना. फेरी फिरून पुन्हा शैलाताईंकडे आली. आता तरी... अनिल खुर्चीच्या कडेवर आला होता. इराने मान खाली घातली होती. शैलाताईंनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं. मग त्यांनी दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं.

लगेच चोआ चू कांगने इराला घेतलं. पण अनिल तोवर हॉलबाहेर गेला होता. पार्किंगमध्ये शैलाताई आमच्यामागे आल्या.

"लोकांनी भाचीला घेतलं म्हणू नये, म्हणून माझ्या मुलीची शोभा केलीस," अनिल म्हणाला.

"लोकांचा काय संबंध? माझ्याकडे चेंडू खेळवणारी कॅप्टन आहे, अनिल. इरा माझ्या संघात दोन वर्षं कोपऱ्यात उभी राहिली असती. चेंडू हातात नसला की ती हरवते."

"आणि त्यांनी नसतं घेतलं तर?"

शैलाताई म्हणाल्या, "तर मी चुकले असते."

"चिल ला, पप्पा. आत्या हॅज अ टीम टु बिल्ड," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि गाडीत बसून घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

अनिलने बोलणं टाकलं. भाऊबीजेला शैलाताई आल्या. तो पाटावर बसला, ओवाळून घेतलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसाच ठेवला. मोहनराव माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे.

इराची सुरुवात वाईट झाली. त्या उंच मुली तिच्याकडे चेंडूच देत नसत, कोच तिला बाकावर बसवायचा. घरी येऊन ती बूट कोपऱ्यात भिरकावायची आणि दार लावून घ्यायची. अनिल काही बोलत नसे, पण तो कुणाला दोष देत होता हे मला कळत होतं. मग एका सामन्यात कुणाला तरी दुखापत झाली आणि इरा आत गेली. तिने दिलेल्या पासांवर त्या उंच मुलींना गुण मिळू लागले. हळूहळू त्या तिला शोधू लागल्या.

सीझनच्या शेवटाकडे दोन्ही संघ समोरासमोर आले. समोरच्या बाकावर आत्या. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि चेंडू इराकडे होता. अनिल पुटपुटत होता, "मार, तूच मार..." इराने मारायला म्हणून उडी घेतली, शू हुई तिच्यावर झेपावली, आणि इराने चेंडू तिकडे न बघताच बास्केटखालच्या मुलीकडे सोडला. आंग मो किओचा संघ हरला.

गर्दीत अनिल सरळ त्यांच्या बाकाकडे गेला. काय बोलणार आहे या भीतीने मीही मागोमाग धावले. शैलाताई उठायला गेल्या आणि त्यांना उठता आलं नाही. ट्रॅकसूट अंगावर लोंबत होता. इतक्या जवळून अनिलने त्यांना भाऊबीजेनंतर बघितलंच नव्हतं.

"ताई, काय होतंय तुला?"

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. "ड्राफ्टच्या आधीच कळलं होतं."

अनिलने विचारलं, "म्हणून घेतलं नाहीस का तिला? तू नसशील म्हणून?"

"नाही रे," शैलाताई म्हणाल्या. "ठणठणीत असते तरी हेच केलं असतं."

तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला. हॉलमधले दिवे मालवले जाऊ लागले तरी दोघं तिथेच होते.

शैलाताई गेल्यापासून दर शनिवारी अनिल हौगांगला मोहनरावांकडे जातो. परवा मीही गेले होते. मोहनराव सांगत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं कोर्ट दिसतं. शैला चहा ठेवायची, खाली मुलं खेळताना बघत बसायची आणि चहा उतू जायचा. शेगडीवरचे तपकिरी डाग त्यांनी अजून पुसलेले नाहीत. अनिलने आधण ठेवलं आणि खिडकीशी उभा राहिला. खाली मुली खेळत होत्या. "अश्विनी, ती पिवळ्या शर्टातली बघ," तो म्हणाला, "चेंडू तिच्याकडे नाहीये, पण ती कुठे पळतेय बघ..." मी बघायला गेले. मागे चहा फसफसत शेगडीवर आला. मोहनरावांनी उठून गॅस बंद केला, आणि फडकं हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवलं.