मानपत्रवाले चाचा

आमच्या पंचक्रोशीत सन्मानानं निवृत्त झालेला माणूस असा सापडणार नाही, की ज्याच्या भिंतीवर चाचांनी लिहिलेलं मानपत्र नाही. हेडमास्तर, ग्रामसेवक, दूध संस्थेचे सचिव, पलटणीतून पेन्शनवर आलेले सुभेदार, सगळ्यांच्या घरी काचेमागं चाचांचीच भाषा आहे. आणि त्यातल्या एकाही कागदावर चाचांचं नाव नाही. खाली सह्या अध्यक्षांच्या, उपाध्यक्षांच्या आणि ‘आम्ही समस्त ग्रामस्थ’ यांच्या. ते समस्त ग्रामस्थ म्हणजे एकटे चाचा, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. मी तर गावच्या वाचनालयाचा कार्यवाह.

चाचांचा धंदा गाद्या भरून द्यायचा. उंब्रज सोडून थोडं पुढं आलं की सर्व्हिस रोडला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाठीमागं कापूस पिंजायचं मशीन, पुढं फळीवर सुई-दोरा, उशीच्या खोळी आणि एक चष्मा, ज्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भुवयांवर आणि दाढीत कायम कापूस. मानपत्र लिहून घ्यायला आलेल्या माणसाला ते गादी भरून घ्यायला आलेल्या माणसासारखंच समोर बसवत आणि विचारत, “कुणासाठी हाय? बरं. आता त्या माणसाची एक खरी गोष्ट सांगा. बाकीचं मी घालतो.”

या एका खऱ्या गोष्टीवर ते अडून बसत. एका निवृत्त तलाठ्याबद्दल लोकांना काही केल्या खरी गोष्ट सांगता येईना. चाचांनी दोन दिवस कागद अडवून ठेवला. शेवटी कुणाला तरी आठवलं, की पुराच्या वर्षी हा माणूस स्वतःच्या डोक्यावरून शाळेची दप्तरं वाहत होता. चाचांनी तेवढ्या एका ओळीवर सगळं मानपत्र उभं केलं. कार्यक्रमात ते वाचलं जात असताना तलाठीसाहेब ढसाढसा रडले. नंतर मी चाचांना म्हटलं, “कमाल केलीत.” ते म्हणाले, “मी काय केलं? त्यांना सवताचं एक चांगलं काम आठवलं, त्याचं रडू आलं त्यांना.”

चाचांच्या खऱ्या कविता मात्र वेगळ्याच होत्या. अकरा वह्या होत्या, शाळेच्या, दोनशे पानी. मशीनच्या पाठीमागं पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. मी जावळीत मेढ्याला नोकरी करून निवृत्त झालो आणि गावी परत आलो, तेव्हा एका दुपारी गादी पुन्हा भरायला टाकायला गेलो असताना त्यांनी मला एक वही काढून दाखवली. मानपत्रातली ती ‘शीतल छाया’ आणि ‘वटवृक्ष’ तिथं औषधालाही नव्हते. एक कविता माझ्या डोक्यातून जात नाही:

उसवलेल्या गादीत सापडतं काय काय.
केसांची पिन, एक काळा मणी, पोराचा पडलेला दात.
कुणाचं काय हरवलं, मी विचारत नाही.
कापूस पिंजतो, पुन्हा भरतो, शिवून देतो.

मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. चांगलं काय, ते मला कळतं. ही कविता वाचून मी काय केलं, तर “वा चाचा, वा” म्हणालो, चहा प्यालो आणि गादी कधी मिळेल ते विचारलं.

वाचनालयातर्फे आम्ही दर हिवाळ्यात कविसंमेलन घेत असू. पुण्याहून, सांगलीहून पाहुणे कवी येत. त्यांच्यासाठी गाडी, मुक्काम, शाल, नारळ, सगळं साग्रसंगीत. स्वागतगीत चाचांचं, सूत्रसंचालनाच्या चारोळ्या चाचांच्या, आणि पाहुण्यांच्या बसायच्या लोडांत कापूसही चाचांनीच भरलेला. एका वर्षी मी अध्यक्षांना म्हटलं, की चाचांनाही वाचू द्या. अध्यक्ष आमचे कंत्राटदार, मनानं वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, “गुरुजी, चाचा आपलंच माणूस हाय. घरच्यांनी पंगतीला शेवटी बसायचं असतंय.” त्या वर्षी चाचा शेवटी बसले. त्यांनी वही उघडली तेव्हा पाहुणे हात धुवायला उठले होते आणि मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता. चाचांनी एकच कविता वाचली आणि वही मिटली.

पंधरा ऑगस्टला मात्र त्यांना व्यासपीठावर पहिल्या रांगेत खुर्ची असे. कुणीतरी त्यांच्याकडं हात करून गावातल्या एकीचे गोडवे गाई, टाळ्या पडत. आमच्या गावानं चाचांना एकीवर बोलायला वीस वेळा बोलावलं असेल, कवितेवर एकदाही नाही. याचा मला आज जेवढा राग येतो, तेवढा तेव्हा यायला हवा होता.

मग साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. मिरजेला दोनदा नेलं. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की डावा गेलाच आहे, उजवाही फार दिवस धरायचा नाही. परत येताना एस.टी.त चाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “गुरुजी, मला एकच करायचं हाय. माझ्या कविता छापलेल्या एकदा डोळ्यानं बघायच्या. पुस्तक कसलंबी असू द्या, पातळ असू द्या. पर उजवा डोळा हाय तवर.” चाचांनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मी कामाला लागलो. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. सरकारी योजना शोधल्या. एक सापडली, पहिलं पुस्तक छापायला मदत करणारी. तिला तरुण वयाची अट होती आणि चाचा आता नातवंडं खेळवत होते. दुसरी सापडली, वृद्ध कलावंतांची. तिच्यात व्यासपीठावर केलेल्या कार्यक्रमांचे फोटो आणि कात्रणं मागितली होती. चाचांचे फोटो होते, पण ते सगळे पंधरा ऑगस्टचे. तिसऱ्या ठिकाणी अर्जात रकाना होता, ‘यापूर्वी प्रकाशित पुस्तकांची नावे’. मी तो वाचून दाखवल्यावर चाचा पोट धरून हसले. “पयलं लेकरू व्हायच्या आधी थोरल्याचं नाव विचारत्यात व्हय?” मी तिन्ही अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. सहा महिने मी उत्तराची वाट बघितली, म्हणजे वाट बघण्याचं काम केलं.

काय लागलं असतं हो? वाचनालयात सरकारी अनुदानातून आलेला कॉम्प्युटर होता. त्याच्यावर आम्ही वर्षातून एकदा तपासणीसाठी यादी करायचो, एरवी तो कापडाखाली. कुणीतरी आठवड्यातून दोन दुपारी चाचांजवळ बसून त्या वह्या उतरवून घेतल्या असत्या, दुसऱ्या कुणी शुद्धलेखन बघितलं असतं. कऱ्हाडला छापखाने काय कमी आहेत? ग्रामपंचायतीनं, कारखान्यानं, आम्ही, कुणीही एकानं संमेलनाचा एक मांडव कमी घातला असता तरी चाललं असतं. कवीला मदत करायची म्हणजे त्याला फेटा बांधायचा, एवढंच आम्हाला शिकवलं गेलंय. त्याच्याजवळ बसून त्याचं लिहिलेलं वाचायचं असतं, हे ना सरकारच्या कागदात आहे, ना आमच्या घटनेत. आणि शुद्धलेखन बघायला गावात लायक माणूस एकच होता, तो म्हणजे मी. रिकामाच होतो.

तोवर उजवा डोळाही गेला. त्याची बातमी गावात पसरली आणि सगळ्यांना एकदम चाचांविषयी कळवळा आला. वाचनालयाच्या समितीची बैठक झाली. चाचांचा भव्य नागरी सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र. मानपत्र म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दोघा-तिघांनी लिहायचा प्रयत्न केला, काही जमेना. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, “गुरुजी, चाचांनाच विचारा की. त्यांच्या हातची चव दुसऱ्याला कुठली येणार?” आणि मी गेलो. आंधळ्या झालेल्या माणसाला त्याच्याच सत्काराचं मानपत्र लिहून दे, म्हणून सांगायला मी स्वतःच्या पायानं गेलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझी एक खरी गोष्ट सांगा.” मला एकदम काही सुचेना. ते हसले. “ऱ्हाऊ द्या. रेहाना लिहून घेईल. उद्या न्या.”

रेहाना त्यांची सून. दुसऱ्या दिवशी तिनं मला कागद दिला. मोजून दहा ओळींचं मानपत्र होतं. त्यात वटवृक्ष नव्हता, छाया नव्हती. ‘यांनी गावाच्या गाद्या भरल्या आणि गावासाठी शब्द लिहिले’ असं साधं काहीतरी. आणि शेवटची ओळ होती: ‘यांच्या कवितांचे पुस्तक ही समिती याच वर्षी प्रसिद्ध करीत आहे.’  चाचा आतून म्हणाले, “गुरुजी, आजवर दुसऱ्यांच्या मानपत्रात मी एक खरी गोष्ट घालत आलो. ह्यात एक अजून खरी झाली न्हाई. तेवढी तुमी करा.”

बैठकीत कागद फिरला. शेवटच्या ओळीपाशी अध्यक्षांचं बोट थांबलं. “हे अंगावर यील गुरुजी. आमदारसाहेबांच्या समोर वाचणार, उद्या लोक विचारतील. पुस्तकाचं नंतर बघू, चाचा कुठं पळून चाललेत?”  पेन माझ्या हातात होतं, कारण कार्यवाह मी. त्या ओळीवर रेघ मी मारली.

सत्कार थाटात झाला. चाचांचा फेटा डोळ्यांवर घसरत होता, तो कुणीतरी सारखा वर सारत होतं. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. गेलो तर मानपत्राची फ्रेम त्यांच्या मांडीवर होती आणि ते काचेवरून बोटं फिरवत होते. म्हणाले, “छापलेलं हाय न्हवं? माझंच लिहिलेलं, छापून आलंय. वाचून दावा जरा, गुरुजी.” मी वाचायला लागलो. नवव्या ओळीनंतर कागद संपला. चाचा मान थोडी कलती करून ऐकत होते. आणि माझ्या तोंडून दहावी ओळ गेली, जी त्या फ्रेममध्ये नव्हतीच: “यांच्या कवितांचे पुस्तक ही समिती याच वर्षी प्रसिद्ध करीत आहे.” चाचा म्हणाले, “बरं वाचलंत.”

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा दुकानावरून जाई, तेव्हा पावलं ओळखून ते विचारत, “गुरुजी, कुठवर आलं?” मी म्हणे, “चाललंय चाचा, छापखान्यात हाय.” पुढं पुढं मी पलीकडच्या रस्त्यानं जाऊ लागलो. पावसाळ्याच्या शेवटी चाचा गेले.

माणूस गेल्यावर आमच्या गावाला त्याची किंमत कळायला वेळ लागत नाही. दहाव्या दिवशी समितीनं ठराव केला, की वाचनालयात चाचांच्या नावाचं कपाट करायचं आणि त्यांच्या अकरा वह्या काचेत ठेवायच्या. वह्या मागायला मला आणि अध्यक्षांना पाठवलं. रेहानानं पाणी दिलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वह्या मिळायच्या न्हाईत. अब्बा तसं सांगून गेलेत.”

अध्यक्ष तिला समजावू लागले, की हा त्यांचा सन्मान आहे. ती त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. “गुरुजी, सत्कारावरनं घरी आल्या आल्या अब्बांनी ते मानपत्र माझ्याकडनं वाचून घेतलं होतं. शेवटची ओळ न्हाई, हे त्यांना तवाच कळलं. मी लय चिडले. ते म्हणले, गप बस. गुरुजींना बोलव, ते काय वाचत्यात बघू.”

 मी एवढंच विचारलं, “मग नंतर काय म्हणले?”

“काय न्हाई. म्हणले, गुरुजी चांगला माणूस हाय, त्याला ह्यातलं कायबी कळू देऊ नगंस. आता ते ऱ्हायले न्हाईत, म्हणून सांगते.” तिनं कपबश्या उचलल्या. “वह्या कुठं जात न्हाईत. पेटी आत हाय. ज्याला खरंच वाचायच्या असतील त्यानं हितं यावं, बसावं, उतरून घ्याव्यात. काचंत घालायला देणार न्हाई.”

अध्यक्ष वाटेत म्हणाले, की बाईमाणूस तापट दिसतंय.  ओळ नाही हे ठाऊक असूनही चाचा मला दर वेळी ‘कुठवर आलं’ विचारत होते ते काय म्हणून विचारत होते, याचा विचार मी सुरू करतो आणि अर्ध्यात सोडून देतो. पुढं जाववत नाही.

वाचनालयात कपाट आलंय. त्यात चाचांचा फेट्यातला फोटो आहे आणि बाकीच्या फळ्या रिकाम्या आहेत. रेहानाचं घर माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, दुपारी मोकळ्या आहेत. मी अजून गेलेलो नाही.