आश्रुबांचा जड हात

आजवर मी कितीतरी बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या. त्यातल्या एकीची मात्र अजून शरम वाटते, आणि गंमत अशी की ती मी अगदी उत्तम दुरुस्त केली होती.

ती झरीच्या आश्रुबांची. चार एकर कोरडवाहू, एक बैल स्वतःचा, दुसरा शेजाऱ्याचा, सावडीनं घेतलेला. दिवसभर राबून संध्याकाळी ते देवळात पेटी वाजवायचे. चंद्रभान महाराजांच्या कीर्तनात शेजारी बसून साथ करायची, हा त्यांचा वीस वर्षांचा मान. दुसरा कसला मान त्यांना कुणी दिला नव्हता.

पेटीची दशा काय सांगावी! भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, पट्ट्या ओलीनं फुगलेल्या. बोटानं भागायचं नाही, मनगटाचा जोर लावावा तेव्हा सूर निघायचा. त्यापायी आश्रुबांची दोन बोटं वाकडी झाली होती. भाता दोन ओळींत रिकामा व्हायचा आणि तो भरेपर्यंत सूर तुटायचा.

त्या साली दत्तजयंतीच्या सप्ताहाला तहसिलीतून इजाजत आली ती एकाच संध्याकाळची. निजामाचं राज्य, अर्जाला उत्तर आलं हेच नवल. एकच कीर्तन होणार तर पेटी तरी धड वाजू द्या, म्हणून गावानं ती बैलगाडीत घालून परभणीला माझ्याकडे धाडली. आश्रुबा आले नाहीत. त्यांचा कापूस वेचणीला आला होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेटी उघडण्याआधी वाजवणाऱ्याला समोर बसवायचं, त्याचं बोट किती दाबतं ते पाहायचं आणि मग स्प्रिंगा बसवायच्या. पण कामं साचली होती, जीव कंटाळला होता. म्हटलं, फाटका भाता तो फाटका भाता, त्यात वाजवणारा काय वेगळं सांगणार? नवं कातडं लावलं, नव्या स्प्रिंगा घातल्या, पट्ट्या घासून मोकळ्या केल्या. स्वतःवरच खूश झालो. पेटी झरीला पोचली ती ऐन कीर्तनाच्या वेळी; कौतुक ऐकायला मीही तिच्याबरोबर गेलो!

महाराजांनी सुरुवात केली आणि आश्रुबांनी सवयीनं मनगट टाकलं. पेटी ओरडलीच. बोट टेकतं न टेकतं तोच सूर निघे, शेजारची पट्टीही दबे. पण खरा घोटाळा भात्यानं केला. महाराज सत्तरीचे, दम थोडा. आजवर भाता रिकामा झाला की आश्रुबा थांबत, आणि तेवढ्यात महाराज श्वास घेत. वीस वर्षांत हे दोघांच्या अंगवळणी पडलं होतं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. नवा भाता रिकामा होईचना. महाराज सुरामागं ओढले गेले, आवाज फाटला, खोकल्याची उबळ आली. शेवटी त्यांनी पेटीवर हात ठेवला. उरलेलं कीर्तन नुसत्या मृदंगावर झालं. आश्रुबा रिकामे हात मांडीवर घेऊन साऱ्या गावासमोर बसून राहिले.

आठवड्यानं ते पेटी घेऊन माझ्या दारात हजर.

"मिस्तरी, हिला पयल्यावानी बिघडवून द्या."

मी भडकलो. "आश्रुबा, माझ्या कामात खोट काढायला आलात का?"

"काम लय चांगलं झालंय. त्याचाच तर तरास व्हायलाय."

रागारागानं मी स्प्रिंगा कसल्या, भात्याला सुईनं भोकं पाडली. आश्रुबांनी दोन ओळी वाजवून पाहिल्या आणि मान हलवली.

"ती न्हाई ही. अन् आता हात बी भ्यायलाय."

मी म्हणालो, "भोकं बुजवून देतो. चार महिने रोज बसा, बोटं शिकतील."

"दिसभर वखर धरायचा, अन् संध्याकाळी नवी बोटं कुठून आणायची?" ते हसले, पण फार दमलेलं हसले. मी भोकं बुजवली, स्प्रिंगा सैल केल्या आणि पेटी परत दिली.

पुढल्या साली गावानं मानवतहून व्यंकटी नावाचा पेटीवाला बोलावला. आश्रुबांनी पेटी स्वतः डोक्यावर आणून त्याच्यापुढं ठेवली. म्हणाले, "महाराजांचा दम दोन ओळीत सरतो. तितं हात उचला." व्यंकटी "हो, हो" म्हणाला.

कीर्तन सुरू झालं; मीही ऐकायला गेलो होतो. व्यंकटीचा हात सुरेख होता, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या ओळीला महाराजांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तरी हा आपला वाजवतोच आहे. तेवढ्यात मागून आश्रुबा उठले.

"थांबा की हो! दम घिऊ द्या त्यायला!"

सारा मंडप मागं वळला. व्यंकटीचा हात थांबला. महाराजांनी श्वास घेतला, एकदा आश्रुबांकडं पाहिलं आणि पुढची ओळ उचलली. आश्रुबा पुन्हा खाली बसले नाहीत. माणसांतून वाट काढत ते पायऱ्या उतरून निघून गेले.

आणखी दोन ओळी झाल्या. व्यंकटीला थांबा म्हणणारं आता तिथं कुणी नव्हतं. मी होतो, मला सगळं ठाऊकही होतं, पण माझी जीभ उचलली नाही.