मोतीबाईचा चुडा

मेडशीजवळच्या तांड्यातली मोतीबाई हट्टाची पक्की. नवरा हेमसिंग कामाच्या शोधात गेला, त्याला तीन वर्षं झाली. ना चिठ्ठी, ना निरोप. तांडा म्हणे, "गेला तो." मोतीबाई दोन्ही हातांतला खांद्यापर्यंतचा चुडा दाखवी. "हा हाय तवरक तो हाय."

सडकेची खडी फोडताना ती पडली आणि उजवं कोपर मोडलं. चुडा काढू देईना, म्हणून हाड बसवणाऱ्यानं बांगड्यांवरूनच कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण कोपर आखडलं. घास तोंडापर्यंत येईना.

वाशिमच्या डॉक्टरांकडे कोन मोजायचं पितळी साधन होतं, बिजागरीनं जोडलेल्या दोन पट्ट्यांचं. एक पट्टी दंडावर, एक हातावर. हात चाळीस अंश वाकला. पुढच्या महिन्यात पंचावन्न, मग पासष्ट. "सुधारतंय. व्यायाम कर, शस्त्रक्रिया नको," डॉक्टर म्हणाले. घास अजूनही तोंडापर्यंत येत नव्हता, पण अडाणी माणसाचा कागदावरच्या आकड्यावर भारी विश्वास! बिचारी दात-ओठ खाऊन कोपर वाकवत राहिली.

चौथ्या महिन्यात आकडा पंचेचाळीस आला. डॉक्टर चमकले. पुन्हा मोजलं, साठ. पुन्हा, पन्नास. मग त्यांचं लक्ष गेलं. बांगड्या सरकत होत्या आणि पट्टी त्यांच्यावर दर वेळी वेगळीच टेकत होती.

"मोतीबाई, या हातातला चुडा काढावा लागेल. त्याशिवाय खरं माप कळणार नाही."

"चुडा तं रांडमुंड बाई काढते, डाक्टरसाब! माहा मानूस जित्ता हाय!"

"हात हवा ना तुला?"

ती दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसली. हात नसेल तर खायचं काय, आणि चुडा नसेल तर वाट कुणाची पाहायची? शेवटी डाव्या हातात दगड घेतला. एकेक बांगडी फोडताना ती हेमसिंगचं नाव घेऊन रडत होती.

डॉक्टरांनी उघड्या हातावर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चाळीस.

"हात वाकलाच नव्हता गं," ते मान खाली घालून म्हणाले. "चूक माझी. आधीच कळलं असतं तर शस्त्रक्रियेला नागपूरला पाठवलं असतं. आता सांधा पार धरलाय, उपाय नाही."

मोतीबाईनं मोकळ्या दंडावरचे पांढरे वळ पाहिले.

"हात तं कवाचाच गेला होता, साब," ती म्हणाली. "मानूस मातर मी आज मारला."