जळलेल्या धाग्याचा वास
आज नायलॉनच्या नाडीचं टोक काडीनं भाजलं आणि त्या वासासरशी सोलापुरातलं पन्नासेक वर्षांपूर्वीचं आमचं मागाचं घर आठवलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी ताईची हळद होती, आणि सासरहून तिचा शालू आला होता. घरात रेशमी म्हणून काही आलं की वडील खटखटता माग थांबवून त्याचा एक धागा ओढायचे आणि जाळून हुंगायचे. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. हा धागा मात्र वितळला, त्याचा टणक मणी झाला आणि प्लॅस्टिकसारखा वास सुटला. ताई वडिलांच्या तोंडाकडं बघत होती. “अस्सल रेशीम हाय की!” वडील म्हणाले. ताई तेच वास हुंगत लहानाची मोठी झालेली. “व्हय बाबा, लई भारी हाय,” म्हणत तिनं शालू छातीशी धरला. नायलॉनचा हा वास मला अजून अस्सल रेशमाचाच वाटतो.